ओबामा, मी आणि मागचा दरवाजा

अमेरिकन सरकारशी माझा आयुष्यात एकच व्यवहार झाला, आणि माझ्या बाजूनं तो मी चोख केला. 1 जून 2009 रोजी जनरल मोटर्सनं न्यूयॉर्कच्या कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज टाकला. त्यातून जी नवी कंपनी निघाली, तिचे साधारण 60 टक्के शेअर अमेरिकन सरकारकडे गेले. त्याआधी मार्चमध्येच ओबामांनी कंपनीच्या सगळ्यात मोठ्या साहेबाला घरी बसवलं होतं. आणि पुढच्या वर्षी मी पुण्यात शेव्हरोलेट बीट घेतली. शेव्हरोलेट म्हणजे जनरल मोटर्स आणि जनरल मोटर्स म्हणजे सध्या ओबामा, हा हिशेब पेढे वाटताना मी सोसायटीत प्रत्येक दारात उभा राहून समजावून सांगितला. काही दारं पेढा घेऊन लवकर बंद झाली.

आमच्या समोरचे वकील मात्र थांबले. मी बँकेत कर्ज विभागात होतो आणि लाल ताळेबंदवाल्याला खुर्चीसुद्धा देत नाही अशी माझी ख्याती होती. ते म्हणाले, "दिवाळं निघालेल्या कंपनीची गाडी तुम्ही कशी घेतलीत?"

मी म्हटलं, "जामीनदार कोण आहे ते बघा ना!"

पुढे डिसेंबर 2013 मध्ये अमेरिकन सरकारनं उरलेले शेअर विकून टाकले. हजार कोटी डॉलरहून जास्त बुडाले म्हणतात. त्या बुडिताशी माझा संबंध नाही. मी ऑन-रोड किंमत पैन् पै मोजली होती, वर सेल्समननं गळ्यात मारलेलं टेफ्लॉन कोटिंगही घेतलं होतं.

ही हौस जुनी. लहानपणी वडिलांबरोबर मुंबईला गेलो की मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून आम्ही शेव्हरोलेटचीच इम्पाला बघायचो. वडील आयुष्यभर सायकलवर होते, पण इम्पाला दिसली की उठून उभे राहायचे. आतला शेठ वडिलांकडे बघत नसे, पण वडिलांचं उभं राहणं शेठसाठी नव्हतंच. 1959 ची इम्पाला साडेसतरा फूट लांब. मागे दोन्ही बाजूंना पसरलेले पंख आणि त्यांच्याखाली मांजराच्या डोळ्यांसारखे तिरपे दिवे. माझी बीट 12 फूट. तेवढ्यातच मी इम्पाला बसवली होती. पहिल्या दिवशी वडिलांच्या फोटोसमोर किल्ली ठेवली आणि मोठ्यानं म्हटलं, "शेव्हरोलेट." बायको म्हणाली, "हळू बोला, बीट म्हणा. त्यांना वाटेल ती लांब वाली घेतलीत."

मेहुण्याचं भोसरीला छोटं वर्कशॉप आहे. त्याला गाडीभोवती एक चक्कर मारायला लावली. त्यानं बॉनेट उघडलं, वाकून बघितलं आणि हात पुसत म्हणाला, "दाजी, गाडी छान आहे. कोरियाची आहे."

"कोरियाची? शेव्हरोलेट आहे ही!"

"डेवू म्हणून कंपनी होती. ती बसली, ती जनरल मोटर्सनं 2002 मध्ये घेतली. तिथल्या लोकांनी ही काढली. जोडली तळेगावात. आणि शेव्हरोलेट हा माणूस होता स्वित्झर्लंडचा. मग अमेरिकेचं नक्की काय आहे हिच्यात?"

"रुबाब," मी म्हटलं.

रुबाबाला आधार होता तो मागच्या हँडलचा. बीटला मागच्या दाराचं हँडल दारावर नाहीच. ते वर, खिडकीच्या शेवटी, काळ्या प्लॅस्टिकच्या कोपऱ्यात दडवलेलं. चार दारांची गाडी दोन दारांची स्पोर्ट्स कार दिसावी म्हणून केलेली युक्ती. स्पीडोमीटरही मोटारसायकलसारखा, स्टिअरिंगच्या मागे सुटा उभा, रात्री निळा उजळणारा. पण तो आतल्यांसाठी. हँडलचा प्रयोग भर रस्त्यात होई. पाहुणे गाडीशी येत, सवयीनं खाली हात घालत, तिथे सपाट पत्रा. मग चष्मा सावरत. आमच्या आत्याबाई तर दारावरून हात फिरवत फिरवत पार डिकीपर्यंत पोचल्या. मी लगेच सांगत नसे. खिडकीतून मान काढून थोडा वेळ जाऊ देई आणि मग अगदी सहज म्हणे, "वर बघा, वर. अमेरिकन गाडीत असंच असतं."

आता ड्युरंट. गाडीचा विषय निघाला की मी ड्युरंटवर जातो आणि ड्युरंटवर गेलो की बायको चहाचे कप गोळा करायला लागते. पण माझा नाइलाज आहे. विल्यम ड्युरंट हा मिशिगनमधल्या फ्लिंट गावचा घोडागाड्यांचा कारखानदार. त्याच्या अंगात असली ताकद की समोरच्याला नको असलेली वस्तूही तो विकत असे, आणि स्वतःला नको असलेली वस्तूही विकत घेत असे. 1904 मध्ये ब्युइक कंपनी हातात घेतली, 1908 मध्ये जनरल मोटर्स काढली आणि मग माणूस जो सुटला! ओल्ड्समोबील घेतली, कॅडिलॅक घेतली, ओकलंड घेतली, दिव्यांचे कारखाने घेतले, स्पार्क प्लगवाला घेतला. हप्ता कुठून येणार याची चिंता करायला बँका होत्याच. 1909 मध्ये तर खुद्द फोर्ड कंपनी 80 लाख डॉलरला मिळत होती. हेन्री फोर्डला काही रक्कम आधी रोख हवी होती. ड्युरंट बँकेत गेला आणि बँकवाल्यांनी सांगितलं की ही कंपनी एवढ्या किमतीची नाही.

या बँकवाल्यांना लोक हसतात. मी हसत नाही. मीही नाहीच म्हटलं असतं. पुढे फोर्डनं काय केलं ते फाइलमध्ये कुठे लिहिलेलं होतं?

1910 मध्ये कर्ज डोक्यावरून गेलं, बँकांनी जनरल मोटर्स ताब्यात घेतली आणि ड्युरंटला बाहेर काढलं. दुसरा कुणी गप्प बसला असता. यानं 1911 मध्ये लुई शेव्हरोलेट नावाच्या शर्यतीच्या ड्रायव्हरला गाठलं आणि त्याच्या नावानं नवी कंपनी काढली. लुईला मोठी, महाग, भन्नाट पळणारी गाडी हवी होती. ड्युरंटला स्वस्त हवी होती, आणि पुष्कळ. लुईच्या ओठाला सदा सिगरेट चिकटलेली असे. एवढ्या मोठ्या कंपनीच्या माणसाला सिगार शोभतो, असं ड्युरंटनं त्याला सुनावलं आणि तिथे बिनसलं, असं सांगतात. लुई निघून गेला, नाव मात्र कंपनीकडे राहिलं. स्वस्त शेव्हरोलेट इतकी खपली की ड्युरंटनं तिचे शेअर देऊन जनरल मोटर्सचे शेअर गोळा केले आणि 1916 मध्ये पुन्हा त्याच खुर्चीत जाऊन बसला. धाकट्यानं पानटपरीवर कमावून थोरल्याचा वाडा सोडवून घ्यावा तसं. आणि 1920 मध्ये परत घालवली! शेअर पडायला लागले तसा हा उधारीवर आपल्याच कंपनीचे शेअर घेत सुटला, भाव धरून ठेवायला. शेवटी द्यू पाँ घराणं आणि मॉर्गन बँक यांच्या लोकांनी त्याचं देणं निस्तरलं आणि दार दाखवलं. नंतर स्वतःच्या नावाची कंपनी काढली, तीही बसली. 1936 मध्ये दिवाळं. म्हातारपणी फ्लिंटमध्ये बोलिंगचा अड्डा चालवत होता, आणि म्हणे, त्याच्याही शाखा काढायचं त्याच्या मनात होतं. 1947 मध्ये गेला. त्याचा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी नक्की फेटाळला असता. चहा मात्र त्याच्याबरोबर रोज प्यायलो असतो.

एक राहिलं, आणि हे मी बायकोच्या देखत सांगत नाही. बॉनेटवरचं ते सोनेरी चिन्ह. ड्युरंट सांगायचा, पॅरिसच्या हॉटेलात भिंतीच्या कागदावर ही नक्षी दिसली, तुकडा फाडून खिशात घातला. त्याच्या बायकोनं पुढे सांगितलं, कसलं पॅरिस, वर्तमानपत्रात नक्षी बघून सुचलं त्यांना; ती नक्षी कोळशाच्या जाहिरातीतली असावी, असं नंतर एका इतिहासकारानं शोधून काढलं. इतिहासकार अजून वाद घालतात. मी लग्न झालेला माणूस आहे, मला वाद घालावा लागत नाही.

असो. 2017 च्या मे महिन्यात बातमी आली की वर्षअखेरीस जनरल मोटर्स भारतात गाड्या विकणं बंद करणार. वकील वर्तमानपत्र घेऊनच आले. त्यांच्या चेहऱ्यावर सांत्वन होतं, पण ते नीट बसलेलं नव्हतं. "तुमचा जामीनदार पळाला की हो!"

खरं तर ही कंपनी इथून दुसऱ्यांदा जात होती. 1928 मध्ये तिनं मुंबईत शिवडीला मोटारी जोडायचा कारखाना काढला होता. भारतातला अशा प्रकारचा तो पहिलाच मानतात. स्वातंत्र्यानंतर सरकार म्हणालं, नुसते खोके उघडून जोडू नका, इथे बनवा; तेव्हा 1954 मध्ये गाशा गुंडाळला. मग नव्वदीत गुजरातेत हालोल, 2003 मध्ये शेव्हरोलेट हे नाव, 2008 मध्ये तळेगाव. आमच्या सोसायटीतली पोरं अमेरिकेला जातात ती परत येत नाहीत. अमेरिकेहून आलेली कंपनी मात्र दर खेपेला परत जाते.

त्या बातमीनंतर गाडीची किंमत जी घसरली तिला घसरण म्हणणं हा सभ्यपणा झाला. जुन्या गाड्यांच्या एका दलालानं गाडीकडे न बघताच आकडा सांगितला. मी म्हटलं, "एवढ्यात तर चांगली सायकल येते." तो म्हणाला, "मग सायकल घ्या, तिचे पार्ट मिळतात." ते खोटं होतं. नाना पेठेत सगळं मिळतं. फक्त दुकानदार आधी "बीट?" म्हणून तुमच्याकडे असं बघतो की तुमच्या घरी नुकतंच काही झालं असावं, आणि मग माळ्यावरच्या पोराला हाक मारतो.

आमच्या खालच्या मजल्यावर एक पोरगा राहतो. आयटीआय करून तळेगावच्या कारखान्यात लागला होता. देशात विक्री थांबली तरी तिथे परदेशासाठी बीट बनत होत्या, मेक्सिकोला जात होत्या. डिसेंबर 2020 मध्ये, साथीच्या दिवसांत, तेही थांबलं. हजाराहून जास्त कामगार होते. संघटना कोर्टात गेली. कारखाना आधी एका चिनी कंपनीला विकायचं ठरलं, ते फिसकटलं. 2023 मध्ये ह्युंदाईनं करार केला. पेपरात ही बातमी जमीन आणि यंत्रं कुणाकडे गेली एवढीच होती. पोरगा त्या सुमारास घरपोच जेवणाचे डबे पोचवत होता. घराचा हप्ता चालू होता, बायको बाळंतपणाला माहेरी.

मी आयुष्यभर लोकांचे हप्ते मोजले. हप्ता थकला की त्या माणसाला पत्र कोणत्या तारखेला जातं ते मला झोपेत विचारा. पण अमेरिकेतल्या कंपनीचा हप्ता थकला तेव्हा सरकार धावून आलं होतं, कोर्टानं नवी पाटी लावून दिली होती, आणि मी त्याचे पेढे वाटले होते. या पोराला कुठल्या कोर्टात नवी पाटी मिळणार होती? तेव्हा मला राग आला. कुणावर काढावा ते कळेना, म्हणून दोन दिवस वकिलांशी बोललो नाही.

एकदा तो पोरगा जिन्याखाली भेटला. गाडीचं मागचं दार नीट लागत नव्हतं. अनेक मेकॅनिकांनी त्यावर बरीच आपटाआपट करून झाली होती. त्यानं हातातली पिशवी खाली ठेवली, दार उघडलं, बोटानं कडेचं रबर चाचपलं, खालची बिजागरी अंगठ्यानं दाबून बघितली. मग दार ढकललं आणि कान लावून उभा राहिला.

"काका, आवाज ऐकलात? असा यायला नको. 'ठप्' यायला पाहिजे. आता 'खट्' येतोय."

मला दोन्ही सारखेच वाटले. त्यानं पाना मागितला, कुलपाचा हूक सैल करून केसभर आत सरकवला, आवळला, परत ढकललं. आला. 'ठप्'. तोच दोन-तीनदा उघडझाप करत राहिला. गरज नव्हती.

"मागची दारंच होती माझ्याकडे," तो म्हणाला. "ही पण असेल बसवलेली." मी म्हटलं, ही तर 2010 ची, तू तेव्हा शाळेत होतास. तो हसला. म्हणाला, "तेही खरंच."

गेल्या वर्षी गाडीला 15 वर्षं झाली. आरटीओत नेऊन तपासून घ्यायची, हरित कर भरायचा, मग पुढे चालवायला परवानगी. मेहुणा म्हणाला, भंगारात द्या. मुलगा फोनवर म्हणाला, बाबा, इलेक्ट्रिक घ्या. बायको म्हणाली, यांना विचारू नका, हे ड्युरंटवर जातील. मी खालच्या पोराला बरोबर घेतलं. आता तो चाकणला दुसऱ्या एका कारखान्यात लागलाय, त्या दिवशी त्याची सुट्टी होती. त्यानं आदल्या दिवशी गाडी स्वतः धुतली. बॉनेटवरचं सोनेरी चिन्ह टूथपेस्टनं घासलं. पॅरिस असो की कोळसा, चकाकत होतं.

इन्स्पेक्टर तरुण होता. चासी नंबर बघितला, दिवे लावायला सांगितले, हॉर्न वाजवून घेतला. "अजून चालवता ही?" म्हणाला. मी ड्युरंटचं नाव ओठावर आणलं होतं, पोरानं माझ्या कोपराला हात लावला. मग इन्स्पेक्टर मागचे सीट बेल्ट बघायला वळला. सवयीनं दाराला खाली हात घातला. सपाट पत्रा. किंचित वाकला. कागदांची फाइल काखेत धरून दुसरा हात फिरवू लागला, खालून वर, परत खाली.

मी पोराकडे बघितलं. तो आभाळाकडे बघत होता. आम्ही दोघांनीही बराच वेळ काही सांगितलं नाही.