कुलवृत्तांतातली एक ओळ

एडिसन, न्यू जर्सी

ती. स्व. नानाकाकांना साष्टांग नमस्कार.

कुलवृत्तांताचा फॉर्म पोचला. जन्मतारखा, शिक्षण, मुलंबाळं सगळं भरून झालं आणि 'व्यवसाय'पाशी गाडी अडली. तुमच्या पुतण्याला, सुहासला, विचारलं, तर म्हणाला, "नोकरी लिही." नोकरी काय, सगळेच करतात. अपशिंगे मिलिटरीसारख्या फौजी गावात जन्मला असता तर 'फौज' एवढ्यावर भागलं असतं. इथे फौज आहे, पण ती तिसऱ्या क्रमांकावर. म्हणून हकीकत लिहून पाठवते. त्यातलं काय छापायचं ते संपादक म्हणून तुम्हीच ठरवा.

त्याची कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातली एम.एस्सी. तुम्हाला ठाऊकच आहे, पेढे तुम्हीच वाटले होते. इथे आल्यावर सुहास एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत लागला. गोळीत जेवढं औषध छापलंय तेवढं खरंच आहे का, हे क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रावर तपासायचं. यंत्राला एका बाजूनं दिवसभर ॲसिटोनायट्राइल आणि मिथेनॉल पाजायचं आणि दुसऱ्या बाजूनं निघालेलं बाटल्यांत धरायचं. गोळी एवढीशी, पण तिच्या चौकशीपायी कचरा मात्र बाटल्या भरून. २००९ साली कंपनीनं तो विभागच बंद केला. माणसं घरी गेली, बाटल्या तिथेच राहिल्या. त्या न्यायला दुसऱ्या एका कंपनीचे लोक आले. त्यांना लेबलं वाचून आतलं ओळखणारा माणूस हवा होता. सुहास बाटल्यांबरोबरच गेला.

धोकादायक कचऱ्याला हात लावण्याआधी इथे ४० तासांचं प्रशिक्षण लागतं आणि पुढे दरवर्षी ८ तासांची उजळणी. मग बंद पडलेल्या प्रयोगशाळांची कपाटं रिकामी करायची. २०० लिटरच्या पिंपात आंब्याची अढी घालावी तशा बाटल्या मांडायच्या, फक्त गवताच्या जागी व्हर्मिक्युलाइट. कोण कोणाशेजारी बसेल याला फार महत्त्व. ॲसिड आणि सायनाइड एका पिंपात गेलं आणि बाटल्या फुटल्या, तर जो वायू निघतो त्यानंतर प्रशिक्षणाच्या उजळणीची गरज उरत नाही.

या नोकरीनं माझं स्वयंपाकघर नासवलं. गोड्या मसाल्याच्या डब्यावर 'उघडल्याची तारीख' आली. लिंबाच्या लोणच्यात त्यानं पीएचची पट्टी बुडवून पाहिली. इथल्या कायद्यात पीएच २ किंवा त्याखाली गेला की द्रव 'क्षरणकारी' ठरतो. लिंबाचा रस त्याच्या जरा वर असतो, म्हणून माझं लोणचं कायद्यात बसलं. तुमच्या फौजी कँटीनच्या रमचं मात्र अवघड आहे. तिच्यात ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे कायद्यातल्या साठ अंश सेल्सिअसच्या मर्यादेच्या कितीतरी आधी ती पेट घेणार. कारखान्यातून फेकली तर तो ज्वालाग्राही कचरा! म्हणून ती फेकू नये, संपवावी, असं तुमचा पुतण्या शास्त्राच्या आधारानं सांगतो.

आणि काका, कुलवृत्तांत कसा असावा हे या कचऱ्याकडून शिकावं. १९७६ च्या कायद्यानं इथे त्याची पाळण्यापासून सरणापर्यंत नोंद ठेवावी लागते. कोणी जन्माला घातला, कोणी नेला, कुठे जाळला किंवा पुरला, प्रत्येक टप्प्यावर सही. दुसऱ्याच्या हवाली केला तरी जन्मदात्याची जबाबदारी सुटत नाही. आपल्या घराण्यात पणजोबांच्या धाकट्या भावाचं पुढे काय झालं हे कोणाला सांगता येत नाही. इथे मिथेनॉलच्या प्रत्येक पिंपाचं सांगता येतं.

आता फौज. २०१० साली, छत्तिसाव्या वर्षी, सुहास अमेरिकी सैन्याच्या राखीव दलात भरती झाला. वयाची मर्यादा तेव्हा ४२ होती, नाहीतर मी सुटले असते. महिन्यातला एक शनिवार-रविवार आणि वर्षातले दोन आठवडे, असं हे काम. पण त्याआधी मिसुरीतल्या फोर्ट लेनर्ड वुडला दहा आठवडे कवायत. तिथे एका खोलीत अश्रुधूर सोडतात, तोंडावरचा मास्क काढायला लावतात आणि नाव विचारतात. बाकीची पोरं खोकत, रडत नाव सांगून बाहेर पळाली. आमच्या एम.एस्सी.नं सार्जंटला सांगितलं की हा वायू नव्हे, अश्रुधुरातला सीएस हा घन पदार्थ आहे, त्याचे सूक्ष्म कण हवेत तरंगतायत. सार्जंटनं माहिती ऐकून घेतली आणि जोर काढायला लावले. आजोबांच्या तालमीतलं तेवढंच कामी आलं.

रसायनशास्त्र शिकलेला माणूस रासायनिक युद्धाच्या शाखेत जाईल असं कोणालाही वाटेल. ती शाळाही त्याच तळावर आहे. त्याच्या हाती ट्रक दिला.

पण ट्रकच लाभला. सैन्यात अवजड वाहन चालवलेल्याला इथे नागरी परवान्याच्या वेळी गाडी चालवून दाखवण्याची परीक्षा माफ होऊ शकते. धोकादायक मालासाठी वेगळी लेखी परीक्षा, बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची तपासणी, हे सगळं झालं आणि तो परत कचऱ्याच्या धंद्यात शिरला, या वेळी पिंपांच्या पुढे बसून. ५३ फुटी ट्रेलर आणि मालासकट ८०,००० पौंड, म्हणजे छत्तीस टनांपर्यंत वजन. दिवसाला ११ तासांहून जास्त चालवायचं नाही, मग सलग दहा तास विश्रांती, आणि हे सगळं यंत्र नोंदवतं. रविवारी भांडी घासायला हाक मारली की हेच दहा तास माझ्यापुढे येतात. माझ्या तासांचं यंत्र अजून निघालेलं नाही. अशा मालाच्या ट्रकला रेल्वे फाटकाशी, गाडी येत असो वा नसो, थांबावंच लागतं. ती सवय आता घरच्या गाडीलाही लागलीय. मागचे लोक हॉर्न वाजवतात, मुलगा मागच्या सीटवर खाली सरकून बसतो आणि हा दोन्हीकडे पाहून घेतो. ओक्लाहोमाकडे गेला की इंटरस्टेट ४० वर सेअरजवळच्या पंजाबी ढाब्यावरून फोन येतो. पराठे बरे असतात म्हणे.

तुम्ही भोपाळबद्दल विचारलं होतं. २०२५ च्या जानेवारीत युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा १२ कंटेनरांतून पीथमपूरला नेला, त्या बातम्या सुहासनं थांबवून थांबवून पाहिल्या. वायुकांड १९८४ चं, आणि कचरा हलला चाळीस वर्षांनी. "रस्ता अडीचशे किलोमीटरचा," एवढंच म्हणाला आणि उठला. त्या दिवशी त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

माझं मत विचाराल तर, चार नोकऱ्या वगैरे काही नाही. एकच बाटली आहे. आधी त्यानं ती भरली, मग पिंपात घातली, तिच्यापासून जीव कसा वाचवायचा ते फौजेत शिकला आणि आता तीच वाहून नेतो. फॉर्मवर मी 'रसायनशास्त्रज्ञ (फिरता)' लिहिलंय. पटलं नाही तर खोडा.

एक मात्र छापायचं नाही, करायचं आहे. तुमच्या कॉलेजच्या कपाटात पिक्रिक ॲसिडची जुनी बाटली पडून आहे असं तुम्ही मागच्या पत्रात सहज लिहिलंत. ते वाचून सुहास जेवता जेवता उठला. पिक्रिक ॲसिड पाण्यात ओलं ठेवायचं असतं. सुकलं की स्फोटक होतं, आणि झाकणाच्या आट्यांत स्फटिक असले तर नुसतं फिरवलं तरी पुरे. तेव्हा बाटलीला कोणी हात लावू नका, हलवू नका, झाकण उघडू नका. खोलीला कुलूप घाला आणि पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकाला कळवा. शिपाई कपाट पुसताना ती बाटली बाजूला सरकवतो असंही तुम्ही लिहिलं होतं. त्याला आजच फोन करा.

तुमची सून,
मेधा