अर्ध्या वॅटचे सोंग

झोपलेल्याला जागे करता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला करता येत नाही, ही म्हण घरातील ध्वनियंत्रणेला उलटी लागू पडते. अ‍ॅम्प्लिफायर, साउंडबार किंवा सबवूफर जोवर सोंग घेऊन पडलेला असतो, तोवर रिमोटच्या एका बटणावर उठतो. तो खरोखर झोपला, की सोफ्यावरून कितीही बटणे दाबा, ढिम्म हलत नाही. या सोंगाला तांत्रिक भाषेत स्टँडबाय म्हणतात. सोंग वठवायला थोडी वीज लागते आणि ती वीज वाचवण्याच्या नादात सोंगाची झोप होऊन बसते.

रिमोट हे फक्त बोलणारे साधन आहे. त्याला ऐकू येत नाही. त्याच्या नाकाडावरील दिवा साधारण ९४० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकतो. हा प्रकाश बहुधा सेकंदाला ३८,००० वेळा लुकलुकतो. ऊन, बल्ब आणि देवापुढची समई यांच्या उजेडातून रिमोटचा आवाज वेगळा ओळखता यावा, म्हणून ही लुकलुक ठरवून दिलेली असते. उपकरणाच्या काळ्या काचेमागे हरभऱ्याएवढा एक ग्राहक बसलेला असतो. तो एवढीच एक लय ऐकतो आणि तिच्यातला निरोप आतल्या चिपला कळवतो. त्याची स्वतःची भूक काही मिलिवॅटची. पण त्याला एक घास भरवायचा तर चूल पेटती ठेवावी लागते, म्हणजे वीजपुरवठ्याचा भाग अखंड चालू ठेवावा लागतो. खर्च होतो तो चुलीचा.

सुरुवातीच्या रिमोटांना निराळ्या अडचणी होत्या. अमेरिकेतील झेनिथ कंपनीने १९५६ साली रॉबर्ट अ‍ॅडलर यांच्या रचनेचा ‘स्पेस कमांड’ रिमोट बाजारात आणला. त्यात अ‍ॅल्युमिनियमच्या कांड्या होत्या. बटण दाबले की छोटी हातोडी कांडीवर आपटे आणि माणसाला ऐकू न येणारा ध्वनी निघे. किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला तरी वाहिनी बदलण्याचा संभव असे. या रिमोटमध्ये सेल नव्हते. त्यामुळे मागचे झाकण काढून सेल गोल फिरवणे आणि रिमोट तळहातावर दोनदा आपटणे, हे पुढे घरोघरी रूढ झालेले उपचार त्या पिढीला करता आले नाहीत.

उपकरणे सोंग घेऊन किती वीज खातात, हा हिशेब १९९०च्या दशकात गांभीर्याने सुरू झाला. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील अ‍ॅलन मायर यांनी या गळतीकडे जगाचे लक्ष वेधले. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने सोंगाची मर्यादा एका वॅटवर आणण्याची मोहीम मांडली. २००१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी सरकारी खरेदीसाठी तसा आदेश काढला. युरोपीय संघाने २००८ साली नियम केला. त्यानुसार २०१० पासून एक वॅट आणि २०१३ पासून अर्धा वॅट, एवढ्यातच उपकरणाने पडून राहावे असे ठरले. घड्याळासारखी काही माहिती दाखवायची असेल तर याच्या दुप्पट. वापर नसताना उपकरणाने आपण होऊन झोपावे, हेही त्यात आले. अर्धा वॅट वर्षभर म्हणजे ४.३८ युनिट. एवढ्या शिध्यावर एक कान जागा ठेवायचा, हे काम अभियंत्यांकडे आले आणि त्यांनी झोपेचे निरनिराळे प्रकार काढले.

पहिली सावध झोप. घरातील आजी दुपारी डोळे मिटून पडते आणि स्वयंपाकघरातील डब्याचे झाकण वाजताच ‘कोण आहे रे?’ म्हणते, ती ही. लाल दिवा लुकलुकत नाही, पण कान जागा असतो. हिच्याविषयी कोणाची तक्रार नाही.

दुसरी गाढ झोप. उपकरणाच्या मेनूत तिला ‘इको’ असे सात्त्विक नाव असते. काही उपकरणांत ती रिमोटचा कान शाबूत ठेवते आणि बाकीचे कान बंद करते. काहींत मात्र ती तो कानही मिटते. मग खोक्यावरील बटण बोटाने दाबण्यावाचून गत्यंतर नसते. कुंभकर्णाला उठवायला ढोल-नगारे तरी उपयोगी पडले. येथे उठून जावे लागते. रिमोटचा शोध नेमके हेच टाळण्यासाठी लागला होता.

तिसरी गैरसमजाची झोप. सबवूफर आणि आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेले स्पीकर यांना बरेचदा रिमोटच नसतो. तारेतून संकेत आला की ते उठतात. पंधरा-वीस मिनिटे काही आले नाही की झोपतात. ‘काही आले नाही’ याची व्याख्या मात्र त्यांनी स्वतः केलेली असते. ठरावीक पातळीखालचा संकेत म्हणजे शांतता. रात्री घरातली माणसे झोपली म्हणून कोणी विलंबित ख्याल अगदी हलक्या आवाजात लावला, तर गवई आलापीत रमलेला असताना श्रोता जागा राहतो आणि सबवूफर झोपतो. पुढे तबला जोरात आला की तो धडपडून उठतो. तोवर सम निघून गेलेली असते. यावरचा उपाय विचित्र असला तरी खरा आहे: स्रोताचा आवाज वाढवायचा आणि स्पीकरचा कमी करायचा. श्रोत्याला तेवढेच ऐकू येते, पण तारेतला संकेत मोठा झाल्याने स्पीकरची खात्री पटते.

चौथी वायफायची झोप. फोनवरून यंत्रणा चालू करायची तर तिच्यातील वायफायला राउटरशी सतत संधान ठेवावे लागते आणि ते अर्ध्या वॅटमध्ये जमत नाही. म्हणून युरोपीय नियमाने अशा उपकरणांना वेगळा शिधा मंजूर केला. २०१९ पासून बहुतेकांसाठी तो दोन वॅट झाला. ‘इको’ निवडले की हा शिधा बंद होतो. त्यानंतर फोन घरभर शोध घेतो आणि उपकरण सापडत नसल्याचे कळवतो. उपकरण दोन हातांवर टीव्हीखालच्या कपाटात असते.

पाचवी सामुदायिक झोप. एचडीएमआय केबलमधील एका तारेवरून उपकरणे एकमेकांना निरोप देतात. ही सोय २००२ सालच्या पहिल्या एचडीएमआयपासून आहे. तिचे मूळ नाव सीईसी, पण प्रत्येक घराण्याने या बाळाचे निराळे बारसे केले: सोनीकडे ब्राव्हिया सिंक, सॅमसंगकडे एनीनेट प्लस, एलजीकडे सिंपलिंक. टीव्ही झोपताना सर्वांना झोपण्याचा निरोप देतो आणि एकत्र कुटुंबातल्यासारखी सगळ्यांची निजानीज होते. कोणाचे गाणे ऐकून संपले आहे का, हे विचारण्याची पद्धत नाही. सकाळी उठवण्याचा निरोपही त्याच तारेने येतो. मात्र एखाद्याने काटकसर म्हणून रात्री त्या तारेवरचा कान बंद केला असेल, तर टीव्ही बोलत राहतो, चित्र दिसते आणि आवाज येत नाही.

सहावी झोप लादलेली असते. भारतात भिंतीवरच्या सॉकेटला स्वतंत्र बटण असते. युरोपच्या मुख्य भूमीवर आणि अमेरिकेत ते सहसा नसते, त्यामुळे जे काम तिकडे कायद्याला करावे लागले ते येथे आजोबा करतात. निजण्यापूर्वी घरभर फिरून बटणे बंद करण्याच्या या पद्धतीत स्टँडबायचा खर्च शून्य वॅट येतो. रिमोटचा उपयोगही शून्य येतो. लोडशेडिंगमुळे हेच काम परस्पर होते. वीज परत आल्यावर काही उपकरणे पूर्वीच्या स्थितीत जागी होतात, काही लाल दिवा लावून पडून राहतात आणि काही सगळे विसरून घड्याळात बारा दाखवतात.

झोप कोणतीही असो, खरा घोळ तिच्या वेळेचा असतो. बहुतेक रिमोटांवर चालू आणि बंद यांना एकच बटण असते. अनेक उपकरणे एकाच वेळी चालवणारा सार्वत्रिक रिमोट, कोण जागे आणि कोण निजलेले याची नोंद मनाशी ठेवतो. विचारून घेण्याची सोय त्याला नाही. दरम्यान अ‍ॅम्प्लिफायर नियमाप्रमाणे आपण होऊन झोपलेला असतो. ‘सगळे बंद’ असा हुकूम सुटताच टीव्ही झोपतो आणि अ‍ॅम्प्लिफायर उठून बसतो. चालू आणि बंद यांचे संकेत वेगळे असलेले उपकरण घेतले, तर हा प्रसंग येत नाही. शिवाय उठल्या उठल्या उपकरणाला काही सेकंद भान नसते. तेवढ्यात आलेला ‘सीडी लाव’ हा निरोप वाया जातो. म्हणून दोन हुकमांमध्ये चार-पाच सेकंदांचा अवधी ठेवावा, म्हणजे चूळ भरायला वेळ मिळतो.

कपाटाचे दार बंद ठेवणाऱ्यांसाठी अवरक्त संकेत आत पोचवणारी तार मिळते. तिला लागणारी वीज अनेकजण टीव्हीच्या यूएसबी खाचेतून घेतात. टीव्ही झोपला की ती खाचही झोपते आणि तारेसह आतली सगळी उपकरणे बहिरी होतात. किल्ली आत ठेवून दार ओढून घेण्याचा हा अवरक्त प्रकार होय. या तारेला मोबाइलचा जुना चार्जर द्यावा.

दोष शोधण्याची रीत सोपी आहे. रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावे. पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट निर्दोष. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर पुढच्यात पाहावा. रिमोटवरील प्लॅस्टिकचे वेष्टण काढण्याची गरज नाही; बहुतेक घरांत तशी परवानगीही नसते. नंतर उपकरण हाताने चालू करावे आणि लगेच रिमोट वापरून पाहावा. आता ऐकत असेल, तर दोष त्याच्या झोपेत आहे. मग मेनूत इको, ऑटो स्टँडबाय, नेटवर्क स्टँडबाय आणि सीईसी या चार ठिकाणी जाऊन कोणता कान बंद आहे ते बघावे आणि तेवढाच उघडावा.

प्रत्यक्षात माणूस एवढा शोध घेत बसत नाही. तिसऱ्यांदा सोफ्यावरून उठावे लागले, की तो मेनूत जाऊन ऑटो स्टँडबाय कायमचे बंद करतो आणि अ‍ॅम्प्लिफायर रात्रंदिवस चालू ठेवतो. नुसता चालू राहिलेला अ‍ॅम्प्लिफायर ५० वॅट घेतो असे धरले, तर वर्षाला ४३८ युनिट होतात. अर्ध्या वॅटच्या सोंगाला ४.३८ युनिट लागत होते. म्हणजे फरक बरोबर शंभर पटींचा, आणि तो मोजायला फक्त दशांशचिन्ह सरकवावे लागते. हा हिशेब वीजबिलावर उमटला, की सहाव्या प्रकारची झोप त्या घरात त्याच रात्रीपासून लागू होते.