पावती आणि सरस्वती

१८५७ साली लंडनच्या धर्तीवर स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ प्रारंभी स्वतः कोणास काही शिकवीत नसे, केवळ परीक्षा घेई आणि तिचे शुल्क घेई. पुढे अध्यापनाची उपाधी मागे लागली, परंतु तो मूळ स्वभाव, म्हणजे आधी पावती आणि मग सरस्वती, आमच्या एकंदर उच्चशिक्षणाने निष्ठेने जतन केला आहे.

थकबाकीदार विद्यार्थ्याविषयी महाविद्यालयाच्या लेखाविभागाची स्मरणशक्ती अद्भुत असते: ग्रंथालयाचे विलंबाने परत केलेले पुस्तक, प्रयोगशाळेत फुटलेली ब्युरेट, जिमखान्याची राहून गेलेली वर्गणी, हे सारे खतावणीत बिनचूक टिपलेले असते, आणि प्रत्येक टेबलावरची सही मिळेपर्यंत दाखला कपाटातून हलत नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे पैसे शासनाकडून येणे असले, तरी तगादा विद्यार्थ्यालाच. (शासनाचा दाखला अडवून ठेवता येत नाही, ही अडचण आपण समजून घेतली पाहिजे.)

मात्र प्रवेशाच्या वेळी भरलेली अनामत परत मागावयास तोच विद्यार्थी गेला, की ही स्मृती एकाएकी क्षीण होते. मूळ पावती हवी, ती आहे म्हणावे तर तिच्यावरील शिक्का पुसट, शिक्का दिसतो म्हणावे तर मुदत टळलेली, आणि मुदतीची सूचना कोठे लावली होती असे नम्रपणे विचारावे, तर कारकून महाशय ज्या फलकाकडे बोट दाखवितात, त्याच्यावर पुढील वर्षाच्या वाढीव शुल्काचे पत्रक डकवलेले असते.