वहिनी, नाटकाला येता काय?

कढीपत्ता ना? घ्या ना तोडून, विचारता काय! वरची फांदी ओढा, खालच्या पानांवर फार धूळ बसते. चंद्रपूरच्या या तुकूममध्ये राहायला आलात म्हणजे राख आणि कोळसा हे दोन पाहुणे रोजचेच. पांढऱ्या चादरी गच्चीवर वाळत घालू नका, एवढंच सांगते.

थांबा हो, फोडणी काही पळून जात नाही. तुम्ही इथं आल्यापासून मला तीन गोष्टी विचारल्यात. घरी उर्दू बोलता का, मूळच्या कुठल्या, आणि मटण कुठून आणता. राग नाही आला बरं, नवं माणूस हेच विचारतं. तिन्हींची उत्तरं देऊन टाकते, म्हणजे मग बोलायला मोकळ्या.

घरी आम्ही जे बोलतो त्याला उर्दू म्हटलं तर लखनौवाले कानावर हात ठेवतील. इकडची मोडकीतोडकी हिंदी ती, आणि भांडण मात्र मराठीतच. शाळा माझी मराठी, पाढे मराठी, त्यामुळे भाजीवाल्याशी हिशेब करताना तोंडातून तेच येतं. मटण कोपऱ्यावरच्या दुकानातलं, आणि तेही रविवारी. रोज खायला आम्ही काय निजामाचे जावई? आठवडाभर वरणभात आणि जवसाची चटणीच असते.

आता मूळ. बल्लारपूरची मी. त्याच्या आधी? बल्लारपूरचीच. त्याच्याही आधी? बघा, तुम्हीसुद्धा तिसऱ्यांदा विचारलंत! आजोबा रेल्वेत होते, अब्बा कागद कारखान्यात. त्याच्या मागचं कोणी लिहून ठेवलेलं नाही. पण मूळच काढायला बसलं ना वहिनी, तर फार मागं जावं लागतं. नागपूर १७०२ साली ज्यानं वसवलं, तो देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद औरंगजेबाच्या दरबारात जाऊन मुसलमान झालेला होता. आता त्याला विचारा, तू मूळचा कुठला म्हणून. आणि आपल्या चांद्याचे, म्हणजे चंद्रपूरचे, गोंड राजे आधी आमच्या बल्लारपुरात राहायचे, राजधानी तिथं होती. तेव्हा चंद्रपूरकरांनी बल्लारपूरवाल्यांपुढं जरा नमूनच असावं.

हे झालं तुम्ही विचारलेलं. न विचारलेलं ऐका आता.

आपल्या कॉलनीत बायकांचं मंडळ आहे, तुम्हालाही ओढतील लवकरच. एकदा त्यांनी ओळखीचा कार्यक्रम ठेवला. एकेकीनं उभं राहायचं, नाव सांगायचं, आवड सांगायची. कोणी म्हणालं भरतकाम, कोणी भजन, कोणी नुसतंच लाजून खाली बसलं. माझा नंबर आला आणि मी तोंड उघडायच्या आत अध्यक्षीणबाईच म्हणाल्या, आपल्या भाभींना काय विचारायचं, त्यांची बिर्याणी! टाळ्यासुद्धा पडल्या. वहिनी, अल्लाशपथ सांगते, माझी बिर्याणी खाल तर दुसऱ्यांदा मागणार नाही. आमच्याकडे बिर्याणी मुलीचे अब्बा करतात. मी फक्त कांदे चिरते, तेही रडत.

मग मी म्हटलं, मला झाडीपट्टीची नाटकं आवडतात. रात्रभर चालणारी. आणि पक्षी बघायला आवडतं. सगळ्या गप्प. जणू मी सांगितलं की मला चोऱ्या करायला आवडतात. तेवढ्यात समोरच्या पिवळ्या घरातली, ती हो, जी कोणाशी बोलत नाही, ती मागून ओरडली, या बाई, माझ्या माहेरची भेटली गं! तिचं माहेर ब्रह्मपुरीकडचं, झाडीपट्टीतलंच. त्या दिवसापासून आम्ही दोघी एका ताटात जेवतो म्हणा ना.

तुम्ही पुण्याहून आलात, म्हणून समजावून सांगते. तुमच्याकडे नाटक म्हणजे तीन तास, मध्ये बटाटेवडा, आणि शेवटची बस पकडायची घाई. आमच्याकडे, म्हणजे या झाडी-जंगलाच्या पट्ट्यात, दिवाळी झाली, भाऊबीज झाली की सीझन सुरू, तो पार होळीपर्यंत. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजे सरकारी कागदावरचं देसाईगंज, हे त्याचं मुख्य ठाणं. नाटक मंडळ्यांची कार्यालयं तिथं रस्त्यानं ओळीनं. गावोगावची माणसं येतात, पोस्टर बघतात, घासाघीस करतात आणि आपल्या मंडईच्या नाहीतर शंकरपटाच्या तारखेला नाटक ठरवून जातात. मंडई म्हणजे गावची जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत हो. मध्ये २०१४ ला सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या तेव्हा गावांचं तोंड उतरलं होतं, २०२१ च्या डिसेंबरात परत परवानगी मिळाली. पण बैल पळो ना पळो, नाटक व्हायचंच.

ज्या गावात नाटक, तिथल्या प्रत्येक घरी पाहुणे. लेकी येतात, जावई येतात, सोयरिकीची बोलणी तिथंच होतात. रात्री जेवणं उरकून माणसं मंडपात शिरतात आणि पहाटे डोळे चोळत बाहेर पडतात. स्टेजपुढं ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड. नट स्वतः गातात. खलनायक आला की पोरं शिव्या घालतात, आईचा मरणाचा प्रवेश असला की पुरुषसुद्धा उपरण्यानं डोळे पुसतात. पुण्यातले लोक म्हणतील, फारच भडक. असेल. भडकच असतं ते. थंडीत उघड्यावर, रात्री दोन वाजता हजार माणूस जागं ठेवायचं तर कुजबुजून भागतं काय? आणि २०२३ ला डॉ. परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली, झाडीपट्टीचे नट ते, गडचिरोलीचे. त्या दिवशी मी मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना मुद्दाम पेपर नेऊन दाखवला. हो, दाखवणारच.

हे वेड अब्बांचं. कारखान्यात बांबूच्या कामावर असलेले त्यांचे दोस्त झाडीतल्या गावांचे. ते बोलवायचे, या जी शेखभाऊ, पोरीलेही आना. मग आम्ही चांदा फोर्टवरून गोंदियाकडे जाणारी छोटी रेल्वे पकडायचो. अब्बा म्हणायचे, तुझी वही या जंगलातल्या बांबूची आहे, म्हणून अक्षर नीट काढ. अक्षर नाही सुधारलं, पण रेल्वेच्या खिडकीतून बांबू बघायची सवय लागली.

१९८२ साल मला दोन गोष्टींनी लक्षात आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला आणि भूगोलाच्या गुरुजींनी नकाशा परत काढायला लावला. दुसरी गोष्ट फार उशिरा, पुस्तकातून कळली. त्याच वर्षी तिकडे जळगावात जमातीच्या पंचांनी मुसलमान बायकांना सिनेमा बघायला बंदी घातली होती आणि रझिया पटेल नावाची तरुण मुलगी त्याविरुद्ध उभी राहिली होती. ‘चाहूल’ नावाचं तिचं पुस्तक आहे, मिळालं तर वाचा. मी वाचताना हिशेब करत होते. तिकडे ती मार खायच्या तयारीनं थिएटरकडे निघालेली, आणि इकडे मी अब्बांच्या मांडीवर डोकं ठेवून वडशाला नाटकात झोपलेली. एकाच राज्यात, एकाच वर्षी.

पण माझं फार बरं चाललं होतं असंही समजू नका. लग्न झालं आणि नाटक सुटलं. सासूबाई म्हणाल्या, रात्रभर? बाईमाणसानं? संपला विषय. वाटलं, आपल्यातच असं असतं. मग एकदा पिवळ्या घरातलीनं सांगितलं, तिच्या सासूचं वाक्य अगदी हेच होतं, शब्दसुद्धा तेच. दोन्ही म्हाताऱ्या कुठं भेटल्या होत्या काय कोणास ठाऊक.

आता आमची म्हातारी राहिली नाही आणि मुलगी पुण्यात नोकरीला आहे. तुमच्याच गावात. भाड्यानं घर शोधताना फोनवर सगळं ठरायचं आणि आडनाव सांगितलं की घर कालच गेलेलं असायचं. आता मिळालंय, चांगली आहेत माणसं. तिथं तिला पण पहिल्या दिवशी विचारलं, बिर्याणी येते ना? हसता काय, त्या एका बाबतीत ती बापावर गेली नाही.

वाचनालयाचंही असंच. मी मेंबर झाले तर तिथल्या भल्या बाईंनी आपणहून पुस्तकं काढून ठेवली. मेहरुन्निसा दलवाईंचं ‘मी भरून पावले आहे’, मलिका अमर शेखचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’. दोन्ही वाचली, मेहरुन्निसाबाईंचं दोनदा. मलिकाबाईंच्या पुस्तकानं तर झोप उडाली. पण मी गेले होते नारायण धारपांची भुताची पुस्तकं मागायला! सांगू कशी? शेवटी धीर केला. म्हटलं, बाई, मुसलमान बायकांचं झालं वाचून, आता भूत द्या. आता त्या भुतांबरोबर मारुती चितमपल्लीही देतात. त्यांना २०२५ ला पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी गेले. जंगलखात्यातला माणूस, पण आदिवासींना, पारध्यांना विचारून विचारून पक्ष्यांची नावं गोळा केली त्यांनी. ‘चकवाचांदण’ वाचलं आणि मी मुलीकडून दुर्बीण मागून घेतली.

दुर्बिणीची गंमत सांगू? जुनोन्याच्या तलावावर पहिल्यांदा गेले तेव्हा बुरखा आणि त्यावर गळ्यात दुर्बीण. एक गुराखी बराच वेळ बघत होता. मग जवळ येऊन म्हणाला, काही हरपलं का जी? म्हटलं, हो, बदक. तोही बसला शोधायला, आणि माझ्याआधी त्यालाच दिसलं. तुम्हाला लांब जायलाही नको. समोरच्या त्या उंबराला फळं लागली की राखी धनेश येतो, सायकलच्या ब्रेकसारखा ओरडत. पाऊस तोंडावर आला की नवरंग येतो, त्याची शीळ आधी ऐकू येते, तो दिसायला मात्र मान मोडावी लागते. मी वहीत तारखा टाकून ठेवते. दाखवीन.

वाघ? वाघाचं मला विचारू नका. ताडोब्याला १९५५ साली राष्ट्रीय उद्यान केलं, १९९५ ला व्याघ्र प्रकल्प, आणि तेव्हापासून सगळं जग वाघ बघायला आमच्या दारावरून जातं. बायका गाइड आहेत तिथं, आसपासच्या गावांतल्या, त्यांच्यासोबत जा, छान सांगतात. पण आपल्याला वाघ बघायला पैसे भरावे लागतात, आणि कधीकधी वाघ फुकटात येतो, हे लक्षात ठेवा. २०२२ ला इथं जवळच, दुर्गापूर-ऊर्जानगरकडे, वाघ-बिबट्यांनी माणसं मारली. तुमच्या साहेबांना पहाटेच्या अंधारात फिरायला जायची हौस असेल तर उजाडू द्या म्हणावं. झुडपांकडे तर नकोच.

तिकडे गडचिरोलीत आता हत्तीही आलेत, २०२१ पासून, छत्तीसगडहून चालत. आधी आम्हाला हत्ती म्हणजे कमलापूरचा सरकारी कॅम्प, माणसाळलेले. हे नवे धानाची शेतं तुडवतात. बघायला हौस वाटते खरी, पण ज्याचं धान गेलं त्याच्यासमोर हौस बोलून दाखवू नये.

बरं, स्वयंपाकातलं माझं काय चांगलं आहे तेही सांगते, नाहीतर म्हणाल भाभीला काहीच येत नाही. शीरखुर्मा. पण त्यात माझी कर्तबगारी थोडी, चारोळीची जास्त. दुकानातली जुनी, तेलकट चारोळी मी वापरत नाही. गडचिरोलीतल्या धानोऱ्याकडच्या आठवडी बाजारातून मागवते. चाराचं फळ उन्हाळ्यात पिकतं, गोंड बाया-पोरं ते वेचतात, वरचा गर खातात आणि आतली टणक बी वाळवून जात्यावर भरडतात, तेव्हा कुठं ती एवढीशी चारोळी निघते. त्याच धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा आहे, नाव ऐकलं असेल. त्यांच्या ग्रामसभेला २००९ ला जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, देशात पहिल्यांदा ज्या गावांना मिळाला त्यांतलं ते. २०११ ला तर मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि बांबूच्या वाहतुकीचा परवाना द्यायचा अधिकार ग्रामसभेच्या हाती दिला. अब्बा तेव्हा असते तर खूश झाले असते. त्यांनी आयुष्यभर बांबू मोजला, आणि तो कोणाचा यावर दोस्तांशी वाद घातला.

ईदला या तुम्ही. डबा पाठवणार नाही, घरी या, कारण शीरखुर्मा गरम खायचा असतो. आणि संक्रांतीला मला हळदीकुंकवाला बोलवावं की नाही म्हणून घोळ घालत बसू नका. दरवर्षी कोणीतरी घालतं. बोलवा, मी येते, तिळगूळ घेते, वाण घेते, आणि साड्या कोणाच्या कशा आहेत ते नीट बघून घेते. कुंकवाचं ज्याचं त्याला.

पण ते सगळं पुढचं. आधीचं म्हणजे भाऊबीजेनंतरचं. पिवळ्या घरातलीच्या माहेराजवळच्या गावात मंडई आहे, नाटक ठरतंय. आम्ही दोघी जाणार, तिसरी जागा रिकामी आहे. जाड शाल घ्या, खाली अंथरायला सतरंजी घ्या, दुपारी झोपून घ्या. साहेबांना आणू नका, पुरुष मध्यरात्री घोरायला लागतात आणि उठले की घरी चला म्हणतात. तिकिटं माझ्याकडून, गाडी तेवढी तुमची. विचार करून उद्या सांगा, आणि हो, तुमची आवड काय ती पण सांगा, मीसुद्धा अजून विचारलंच नाही.