वर उचलावं की वरती पाठवावं?

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मानपत्रं लिहिण्याचं खातं माझ्याकडे आहे. ‘ऋषितुल्य’, ‘दीपस्तंभ’, ‘चालतंबोलतं विद्यापीठ’ ही विशेषणं सत्कारमूर्तींचा वकूब बघून मी वाटत असतो. एकदा इंग्रजीतून मानपत्र लिहायची वेळ आली, तेव्हा शब्दकोशात ‘एक्स्टॉल’ भेटला. अर्थ, तोंड भरून स्तुती करणे. मूळ लॅटिन, ‘टोल्लेरे’ म्हणजे उचलणे. स्तुती करायची म्हणजे माणसाला वर उचलायचं. यात आपल्याला नवीन काही नाही. उचलून ठेवायचं कुठे, तेही आपण ठरवून ठेवलंय: हरभऱ्याच्या झाडावर. हे झाड जेमतेम गुडघ्याएवढं असतं, हे चढणाऱ्याला कोणी सांगत नाही.

सहन करणारा ‘टॉलरेट’ही त्याच कुळातला, आणि आपलं ‘तोलणं’सुद्धा त्यांचं लांबचं भावंड. सत्कार समारंभात पहिल्या दोघांची सोय चोख असते. व्यासपीठावरचे एक्स्टॉल करतात, खुर्च्यांवरचे टॉलरेट करतात. तोलणाऱ्याला निमंत्रण जात नाही.

पण टोल्लेरे दिसतो तितका साधा नाही. तो आपल्या ‘उचलणे’सारखाच दुतोंडी. आपण मुद्दा उचलून धरतो, भुरटा चोर पाकीट उचलतो, पोलीस माणूस उचलतात आणि वैतागलेली आजी देवाला म्हणते, ‘आता उचल रे बाबा मला!’

टोल्लेरेच्या या दुतोंडीपणावरची कोटी प्राचीन रोमचा नामांकित वक्ता सिसेरो याच्या अंगाशी आली. इ.स.पू. 44 मध्ये रोमचा हुकूमशहा ज्युलियस सीझरचा खून झाला, तेव्हा त्याचा वारस ऑक्टेव्हियन अवघा 18 वर्षांचा होता. साठी ओलांडलेल्या सिसेरोनं सिनेटमध्ये या पोराची आरती ओवाळली. सीझरचा जुना साथीदार अँटनी सत्ता बळकावू पाहत होता; त्याला शह द्यायला हा पोरगा हवा होता. खासगीत मात्र म्हणे तो बोलून गेला, की पोराची स्तुती करावी, त्याला मानमरातब द्यावेत आणि टोल्लेरे करावं. म्हणजे वर चढवावं की वरती पाठवावं, ते ऐकणाऱ्यानं ठरवायचं. पुढच्या वर्षी मे महिन्यात सीझरच्या मारेकऱ्यांपैकी एक, डेसिमस ब्रूटस, यानं सिसेरोला पत्रानं कळवलं, की तुमचा विनोद पोराच्या कानावर गेलाय आणि तो म्हणतो, मी स्वतःला उचलू देणार नाही.

सिसेरोनं उत्तरात चुगलखोराला मनसोक्त शिव्या मोजल्या. विनोद मात्र ठामपणे नाकारला नाही. इथे मला हा माणूस अगदी आपल्यातला वाटला. प्राण गेला तरी चालेल, पण जमलेली कोटी माघारी घ्यायची नाही! प्राण गेलाच. पोरानं अँटनीशी हातमिळवणी केली आणि 43 च्या डिसेंबरात सिसेरोलाच उचललं. त्याचं शिर आणि हात, ज्या चौथऱ्यावरून तो भाषणं ठोकायचा, तिथेच लोकांना दाखवायला ठेवले.

पोराचा पुढे सम्राट ऑगस्टस झाला आणि त्याला स्तुतीची ददात कधी पडली नाही. इ.स. 14 मध्ये तो वारला, तर सिनेटनं त्याला रीतसर देव ठरवलं. एका सिनेटरनं तर शपथेवर सांगितलं, की ऑगस्टसना स्वर्गात चढताना मी या डोळ्यांनी पाहिलं. त्याबद्दल सम्राटाच्या विधवेनं, लिव्हियाबाईंनी, त्याला दहा लाख सेस्टर्स दिले, असं इतिहासकार डिओ लिहून गेलाय. स्तुतीच्या धंद्यात इतका दर नंतर कुणाला मिळाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.