व्याख्यानाविरुद्ध व्याख्यान

फ्लिप्ड क्लासरूमचा मंत्र सोपा आहे. व्याख्यान मुलांनी घरीच व्हिडिओवर ऐकायचे आणि वर्गात उदाहरणे सोडवायची, शंका विचारायच्या, हुज्जत घालायची. 2007 च्या सुमारास कोलोराडोतल्या जोनाथन बर्गमन आणि आरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या दोन शाळामास्तरांनी गैरहजर मुलांसाठी तास रेकॉर्ड करायला घेतले, त्यातून हे प्रकरण वाढले. त्यांना प्रशिक्षण द्यायला तेव्हा कोणी तज्ज्ञ नव्हता, हे त्यांचे नशीब.

आपल्या प्राध्यापकांसाठी मात्र रीतसर कार्यशाळा भरते. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मान्यवरांची मनोगते उरकली की तज्ज्ञ उभे राहतात आणि ‘व्याख्यानाचा जमाना संपला’ या विषयावर अडीच तास व्याख्यान देतात. स्लाइडवर असते तेच वाचून दाखवतात, तेही श्रोत्यांकडे पाठ करून. पूर्वतयारीचा व्हिडिओ आदल्या रात्रीच व्हॉट्सॲपवर आलेला असतो. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. पाहिलेला कुणीच नसतो. मागच्या बाकावर एक विभागप्रमुख शांतपणे उत्तरपत्रिका तपासून घेतात. मुले व्हिडिओ न पाहताच आली तर काय करायचे, हा एकमेव कामाचा प्रश्न चहाच्या रांगेत निघतो आणि तिथेच विरतो. प्रत्यक्ष पाठ तयार करण्याचे सत्र? वेळेअभावी रद्द.

अभिप्राय ‘अत्युत्तम’, प्रमाणपत्र पदोन्नतीच्या फायलीत.

आयोजकहो, पुढच्या वेळी तज्ज्ञांचे भाषण घरी पाठवा आणि सभागृहात प्रत्येकाकडून त्याच्या विषयाचा एक तरी पाठ तयार करवून घ्या. सत्कार हवा तर व्हिडिओवर उरका.