श्री. वाय-फाय यांस खुली कारणे दाखवा नोटीस

प्रति,
श्री. वाय-फाय,
राहणार २.४ गिगाहर्ट्झ, मुक्काम हवेत,
पालघर व बोईसर-तारापूर परिसर.

विषय: हौशी रोबोच्या कंट्रोलरशी जोडणी न होणे, झाल्यास न टिकणे.

महोदय,

ईएसपी३२ बोर्डावर चालणारा रोबो टेबलावर शहाण्यासारखा वागतो आणि जमिनीवर सोडून मोटर फिरवली की फोनपासून तुटतो, ही पालघर-बोईसर पट्ट्यातल्या हौशी मंडळींची नेहमीची तक्रार आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. ईएसपी८२६६ ही स्वस्त वाय-फाय चिप हौशी मंडळींच्या नजरेत भरली तीही त्याच सुमारास, आणि तिची थोरली आवृत्ती ईएसपी३२ आली २०१६ मध्ये. तेव्हापासून रोबो अडला की ठपका वाय-फायवर, असा शिरस्ता पडला आहे. सबब रीतसर चौकशी करण्यात आली. तिचे निष्कर्ष येणेप्रमाणे.

१. साक्षीदार. घटनास्थळी कायम हजर असलेला साक्षीदार म्हणजे सीरियल मॉनिटर, बोर्डाचे संदेश लॅपटॉपवर दाखवणारी खिडकी. त्याची जबानी सहसा कोणी घेत नाही. बोर्ड यूएसबीने लॅपटॉपला जोडून वेग ११५२०० बॉड ठेवला की तो बोलू लागतो. लॅपटॉपला बोर्ड दिसतच नसेल, तर केबल फक्त चार्जिंगची असण्याचा संभव मोठा. जोडणी तुटल्याचे कारण छापण्याची सोय प्रोग्राममध्ये केली की आकडे मिळतात: २०१ म्हणजे त्या नावाचे नेटवर्क सापडले नाही, १५ म्हणजे बहुधा पासवर्ड चुकला, २०० म्हणजे जोडलेल्या राऊटरचा आवाज येईनासा झाला. आणि ‘ब्राउनआउट डिटेक्टर’ हे शब्द उमटले, तर बोर्डाचा वीजदाब कोसळून तो स्वतःच रीसेट झाला. या शेवटच्या प्रकारात वाय-फायचा काही दोष नाही.

२. वीजपुरवठा. तारापूरच्या किनाऱ्यावर देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९ पासून उभे आहे. तिथल्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्ट्या प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या. त्याच पंचक्रोशीतला रोबो मात्र पाव अँपिअरसाठी तळमळतो. वाय-फायवर संदेश पाठवताना ईएसपी३२ क्षणभर सुमारे २४० मिलीअँपिअर ओढतो. त्याच क्षणी चाके फिरवणारी बीओ मोटर सुरू झाली किंवा चाक अडकले, की तीही भरमसाट प्रवाह मागते. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीला दोघांचे लाड परवडत नाहीत. दाब खाली येतो, बोर्ड रीसेट होतो आणि फोनवर एवढेच दिसते की वाय-फाय गेले.

लिथियमचा एकच ३.७ व्होल्टचा सेल बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनला जोडण्याचा प्रघातही असाच घातक आहे. पुष्कळ बोर्डांवर एएमएस१११७ रेग्युलेटर असतो. ३.३ व्होल्ट देण्यासाठी त्याला वर आणखी व्होल्टभर लागते. तेव्हा ३.७ मधून ३.३ पुरे पडत नाहीत. एल२९८एन मोटर ड्रायव्हरवरून मिळणारे ५ व्होल्ट दोन सेल पूर्ण भरलेले असेपर्यंत खरे असतात. सेल उतरले की तेही उतरतात. म्हणून सकाळी धावलेला रोबो दुपारी ‘नेटवर्क नाही’ म्हणतो.

उपाय असा: बोर्डासाठी वेगळा ५ व्होल्टचा बक कन्व्हर्टर, ग्राउंड मात्र सर्वांचे एक, बोर्डाच्या पुरवठ्यावर ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, मोटरच्या दोन टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक. नवा बोर्ड आणायला बोईसरहून लोकलने ग्रँट रोड गाठून लॅमिंग्टन रोड पालथा घालण्याआधी हे करावे. सातपाटी-चिंचणीकडे खाऱ्या हवेने जंपर वायरींची टोके काळवंडतात, तिथे सोल्डर केलेला सांधाच भरवशाचा.

३. नाव, पासवर्ड, पट्टा. ईएसपी३२ला फक्त २.४ गिगाहर्ट्झ ऐकू येते. राऊटर किंवा फोनचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर असेल, तर बोर्डाच्या लेखी तो अस्तित्वातच नाही. मॉनिटरवर २०१ येतो. नेटवर्कच्या नावात लहान-मोठी इंग्रजी अक्षरे वेगळी धरली जातात आणि नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागाही मोजली जाते. रोबोने स्वतःचा हॉटस्पॉट काढायचा, तर पासवर्ड किमान आठ अक्षरी हवा.

नाव देवनागरीत ठेवण्यास हरकत नाही, पण मर्यादा ३२ बाइटची आहे आणि देवनागरीतले अक्षर, काना, मात्रा प्रत्येकी ३ बाइट खातात. ‘बोईसरचा वाघ’ ३१ बाइटमध्ये बसतो. ‘बोईसरचा राजा’ ३४ बाइटचा होतो आणि मंडपाबाहेर राहतो.

४. फोन. रोबोच्या हॉटस्पॉटला इंटरनेट नसते. हे लक्षात येताच स्मार्टफोन ‘इंटरनेट उपलब्ध नाही’ म्हणतो आणि परस्पर मोबाइल डेटाकडे वळतो. मग १९२.१६८.४.१ हा रोबोचा पत्ता कितीही वेळा टाकला तरी पान उघडत नाही. मोबाइल डेटा बंद करावा, ‘जोडलेले राहा’ हा पर्याय निवडावा आणि पत्त्याआधी साधे एचटीटीपी लिहावे. ब्राउझर स्वतःहून एचटीटीपीएस लावतो आणि साध्या रोबोला ते कळत नाही. रोबो घरच्या राऊटरवर असेल, तर राऊटर रीस्टार्ट झाल्यावर त्याचा आयपी पत्ता बदलू शकतो. तो राऊटरमध्येच राखून ठेवावा.

५. गर्दी आणि पत्रा. २.४ गिगाहर्ट्झचा हा पट्टा देशात २००५ पासून विनापरवाना खुला आहे, त्यामुळे ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच नांदतात. १३ चॅनेलांपैकी १, ६ आणि ११ एकमेकांवर चढत नाहीत. त्यांतला रिकामा निवडावा. विज्ञान प्रदर्शनात तर एकाच नमुना-प्रोग्रामवरून उतरवलेले चार रोबो एकाच नावाने आणि ‘१२३४५६७८’ या एकाच पासवर्डने उभे असतात. बटण एका संघाने दाबायचे आणि रोबो दुसऱ्याचा पळायचा, याला वाय-फायचा बिघाड म्हणता येत नाही.

तारापूर एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये लहरी उलटून एकमेकींना छेदतात. लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असल्याने रोबो चार बोटे सरकला तरी संदेश येतो किंवा जातो. बोर्डाच्या टोकाची नागमोडी रेघ म्हणजे अँटेना. ती धातूच्या सांगाड्यावर किंवा बॅटरीला खेटून न ठेवता कडेबाहेर काढावी. सिग्नल उणे ६७ डीबीएमच्या आसपास असल्यास ठीक, उणे ८० च्या खाली घसरल्यास रोबो केव्हाही हातचा जाईल. या एका कलमात वाय-फाय अंशतः दोषी आढळते.

६. पिना. जुन्या ईएसपी३२वर वाय-फाय सुरू झाले की ४, २५, २६, २७ अशा काही पिनांवरचे अॅनालॉग वाचन थांबते. सेन्सर ३२ ते ३९ मधल्या पिनांवर हलवावा. १२ क्रमांकाच्या पिनवर मोटर ड्रायव्हर जोडला आणि सुरू होताना तिथे दाब असला, तर बोर्ड उठतच नाही. दोन्ही वेळा तक्रारीत मात्र ‘वाय-फाय चालत नाही’ असेच लिहिलेले असते.

आदेश. जोडणी अडल्यास तपास मॉनिटर, वीज, पट्टा व पासवर्ड, फोन, जागा, पिना या क्रमानेच करावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. मोटरी काढून यूएसबीवर जोडणी टिकली, तर वाय-फाय निर्दोष समजावे. जोडणी कधीतरी तुटणारच, म्हणून अर्ध्या सेकंदात आज्ञा न आल्यास मोटरी आपोआप थांबतील अशी तजवीज प्रोग्राममध्ये सक्तीची राहील. कलम ५ वगळता ही नोटीस मागे घेण्यात येत असून उर्वरित आरोप नऊ व्होल्टच्या बॅटरीकडे वर्ग करण्यात येत आहेत.

आपले,
बोईसर-तारापूर परिसरातील त्रस्त हौशी रोबोकर्ते

प्रत माहितीस्तव: १) घरचा राऊटर २) स्मार्टफोन
प्रत खुलाशासाठी: नऊ व्होल्टची बॅटरी